आधी विचारायचे कुणाला?

वारसा म्हटला की आपल्याला घर, जमीन, आजीच्या बांगड्या आठवतात. संगणकातही वारसा असतो, तो हक्कांचा. कोणती फाईल कुणी उघडायची, हे तिथे बहुधा माणसाच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या भूमिकेवरून ठरते. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी ही पद्धत एका निबंधात रीतसर मांडली. एक कारकून गेला, दुसरा आला, तरी भूमिका तीच राहते. नवी भूमिका जुन्या भूमिकांचे हक्क वारशाने घेते.

अडचण येते ती दोन वारसे एकमेकांविरुद्ध गेले म्हणजे. समजा, एका रुग्णालयात ‘परिचारिका’ या भूमिकेला रुग्णाचा केसपेपर पाहण्याची परवानगी आहे आणि ‘स्वागतकक्ष’ला स्पष्ट मनाई. रात्रपाळीसाठी दोन्हींचा वारसा घेणारी तिसरी भूमिका केली. तिने केसपेपर पाहावा की नाही?

पीएचपी भाषेतल्या झेंड फ्रेमवर्कची, म्हणजे आजच्या लॅमिनासची, रीत अशी: आधी भूमिकेचा स्वतःचा नियम पाहायचा. तो नसेल, तर पालकांच्या यादीत जो शेवटी लिहिलाय त्याला पहिल्यांदा विचारायचे. त्याच्याकडे आणि त्याच्या पूर्वजांकडे काही नसेल, तरच त्याच्या आधीच्याकडे वळायचे. पहिले उत्तर मिळाले की शोध संपला. कुठेच नियम नसेल, तर मनाई.

म्हणजे ‘स्वागतकक्ष, परिचारिका’ असे लिहिले तर केसपेपर उघडतो. ‘परिचारिका, स्वागतकक्ष’ लिहिले तर उघडत नाही. माणूस तोच, नियम तेच. बदलला फक्त क्रम.

शब्दांची जागा बदलली की अर्थ फिरतो, हे कविता लिहिणाऱ्याला नवे नाही. पण कवितेत फार तर ओळ बिघडते. इथे एखाद्याचा आजार नको त्याच्या नजरेस पडतो, किंवा मध्यरात्री रुग्णाला कोणते औषध चालत नाही, हेच परिचारिकेला दिसत नाही.

सगळीकडे हीच रीत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भूमिकांच्या परवानग्यांची नुसती बेरीज होते. मनाई वारशाने येतच नाही, म्हणून क्रमाचा प्रश्नही उरत नाही.

तेव्हा तुमच्या कार्यालयात नवी भूमिका तयार झाली, तर ‘काय काय दिले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘आधी कुणाला विचारणार?’ हेही विचारा. आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या भूमिकेने लॉगिन करून, काय उघडते आणि काय नाही, ते स्वतः पाहा.