समुद्रकड्यावरचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘परदेशात काय पाहिलेत ते सांगा,’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. राजवाडे आणि संग्रहालये यांविषयी सांगणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी सांगणार आहे ते खेळाविषयी.

यजमानांच्या लष्करी नोकरीत छावणीच्या गावी राहताना मला गोल्फचा नाद लागला. छोटा पांढरा चेंडू काठीने टोलवीत, शक्य तितक्या कमी टोल्यांत दूरच्या भोकात घालायचा. अशी भोके अठरा. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे एडिंबरोला गेले, तेव्हा सुटीचे दोन दिवस तिने मला सेंट अँड्र्यूजला नेले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे गाव म्हणजे गोल्फची पंढरीच!

समुद्र आणि शेते यांच्या मधल्या रेताड, आखूड गवताच्या पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला निरुपयोगी म्हणून ही जमीन मेंढ्यांना आणि खेळाला मोकळी राहिली. आम्ही खेळलो ते ‘कॅसल कोर्स’ मात्र २००८ साली उघडलेले. गावाबाहेर, समुद्रकड्यावरच्या शेतजमिनीत उंचवटे घडवून तिला लिंक्सचे रूप दिले आहे. पैसे भरून कोणालाही खेळता येते.

खाली लाटा, दूर गावातले मनोरे आणि पडक्या कॅथीड्रलचे अवशेष. वारा असा, की पदर खोचून उभे राहावे! सतराव्या भोकाला कड्यातल्या घळीवरून चेंडू पलीकडे धाडावा लागतो. मी काठी खांद्यामागे पूर्ण नेली आणि टोला मारला. चेंडू घळ ओलांडून हिरवळीच्या कडेला पडला. मुलीने टाळ्या वाजविल्या. वयाच्या बासष्टाव्या वर्षी झालेला तो आनंद कसा सांगू?

दुसऱ्या दिवशी त्या टोल्याचे खरे मोल कळले. जुन्या मैदानाशेजारी उंचसखल हिरवळ आहे. तिला चक्क ‘हिमालय’ म्हणतात! तिथे १८६७ साली बायकांनी आपला क्लब काढला. त्या काळी बाईने काठी खांद्यावर उचलणे अशोभनीय मानीत. म्हणून चेंडू हलकेच ढकलण्यापुरताच खेळ त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी तो घेतला, नेटाने चालविला, आणि तो क्लब आजही चालू आहे. शेजारचा पुरुषांचा क्लब १७५४ सालचा. स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव त्याने २०१४ साली केला. म्हणजे २६० वर्षांनी! जुन्या मैदानावर स्त्रियांची ब्रिटिश ओपन स्पर्धाही प्रथम झाली ती २००७ साली.

भगिनींनो, आपल्याकडे मुलगी मोठी झाली की तिचा खेळ सुटतो, आणि सून झाल्यावर तर त्याचे नावही निघत नाही. ‘हे काय खेळायचे वय?’ हे मीही ऐकले आहे. गोल्फ खर्चाचा आहे, तो सर्वांनी खेळावा असे माझे म्हणणे नाही. पण दोरीच्या उड्या, लंगडी, बॅडमिंटन यांना कितीसे लागते? मंडळाने शनिवारची संध्याकाळ सभासदांच्या खेळासाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. पहिल्या शनिवारी जाळे बांधायला मी येईन. सासूबाईंनाही बरोबर आणा.