दोन पायवाटांना जोडणारी वाट



वेल्सच्या किनाऱ्याने जाणारी सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट २०१२ साली पूर्णत्वास गेली. पूर्व सीमेवर, आठव्या शतकातील राजा ऑफाच्या मातीच्या बांधालगत, २८५ किलोमीटरची दुसरी वाट १९७१ पासून आहे. दोहोंची टोके जवळ येतात. मधला डोंगराळ प्रदेश मात्र दोघींनाही अपरिचित राहतो. ग्लिंडूर वाट ही उणीव भरून काढते. सीमेवरील नाइटनहून निघून ती मखन्लेथ येथे किनारी वाटेस भेटते. याच गावी १४०४ मध्ये ओवाइन ग्लिंडूरने आपली संसद भरविली होती.

अशा प्रवासाची आखणी करणाऱ्यापुढे खरा प्रश्न अंतराचा नसून मुक्कामाचा असतो. वस्ती विरळ, दुकाने थोडी. म्हणून आधी मुक्कामाची गावे ठरवावीत, नंतर रोजची मजल. किलोमीटरइतकेच महत्त्व नकाशावरील समोच्च रेषांना द्यावे, कारण पाय थकतात ते चढउतारांनी. वाटेवरच्या लानिडलॉइस गावी शिधा भरून घ्यावा. कुरणातील फाटक जसे आढळले तसेच ठेवावे. ती जमीन शेतकऱ्याची आहे. त्याच्या विश्वासावरच ही जोडवाट पुढच्या वाटसरूसाठी सुखाची राहते.