घरातले जस्त, कारखान्यातले जस्त



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी जस्तावर बोलतो म्हणालो, तेव्हा ते जरा चमकले. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात झाले. परंतु या एका धातूशी माझा तीस वर्षांहून अधिक काळ संबंध आहे, आणि तो तुमचाही आहे.

आपल्या घरावरचा पत्रा, कुंपणाची तार, नळाचा जुना पाइप यांवर जस्ताचा मुलामा असतो. देवापुढची समई पितळेची, आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त. टॉर्चच्या साध्या सेलचे डबडे जस्ताचे. तान्ह्या मुलाला लावायचे पांढरे मलम बहुधा जस्ताच्या भस्माचे. मात्र एक घोटाळा येथेच दूर करतो. पितळी पातेल्याला कल्हई करतात ती जस्ताची नव्हे, कथिलाची. कल्हई नसेल तर ताक कळकते, कारण आंबटाने तांबे व जस्त विरघळते. म्हणूनच जस्ती बादलीत ताक किंवा सरबत ठेवू नये, ओकाऱ्या होतात.

आता पत्रा गंजत का नाही? पुष्कळांना वाटते, जस्त केवळ वरचे पांघरूण आहे. तसे असते, तर एक ओरखडा पडताच गंज आत शिरला असता. परंतु हवा-पाण्याशी गाठ पडली की लोखंडाआधी जस्त झिजते. जवळ जस्त आहे तोवर उघडे पडलेले लोखंडही वाचते. एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ जसा धाकट्यांवरचे कर्ज आपल्या अंगावर घेतो, तसा हा प्रकार आहे. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या या रीतीचे पेटंट घेतले.

हा धातू माणसाच्या हाती उशिरा आला. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते आणि ९०७ अंशांवर उकळते. खनिजातून ते सुटते त्या उष्णतेला त्याची वाफच होते, आणि हवा लागताच ती जळून पांढरी राख होते. भट्टी पेटवावी आणि हाती काही लागू नये, असा हा व्यवहार! तो साधला उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी. त्यांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या आणि त्या तोंड खाली करून भट्टीत मांडल्या. एका भट्टीत ३६. वर आग, खाली थंड कोठी. वाफ हवेत न जाता खाली उतरे आणि तिचे जस्त होई. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन यांनी १७३८ साली अशाच कृतीचे पेटंट घेतले. जावरचे काम त्याच्या कित्येक शतके आधीचे. चॅम्पियन यांचे नाव पुस्तकात आहे. जावरच्या मुशी आजही तिथल्या घरांच्या भिंतींत दिसतात. त्या थापणाऱ्यांची नावे मात्र मला कोठे वाचायला मिळाली नाहीत.

ही पांढरी राख माझ्या आयुष्यात आली ती अशी. मी ज्या कारखान्यात होतो, तेथे जस्ती पाइपांचे वेल्डिंग बंद शेडमध्ये चाले. आमचा एक सोबती सोमवारी काम करून घरी जाई. तोंडाला गोडसर चव येई, रात्री हुडहुडी भरून ताप चढे, आणि मंगळवारी खाडा पडे. बुधवारी गडी ठणठणीत. डॉक्टर हिवतापाच्या गोळ्या देत. फोरमन म्हणे, "सुट्टीची दारू उतरत नाही याची." पगार कापला जाई. खरे सांगतो, काही दिवस मलाही फोरमनचे पटले होते.

पुढे संघटनेच्या कामासाठी मी हजेरीपट उतरवून काढला. त्या शेडमधल्या इतरांचेही खाडे मंगळवारीच होते. ज्या आठवड्यात रविवारी ओव्हरटाइम झाला, त्या आठवड्यात ताप कोणालाच नाही! दारूला हा नियम कसा कळावा? ग्रंथालयात उत्तर मिळाले. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी ताप येतो आणि दिवसा-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याच्या अंगाला त्याची सवय होते. सुट्टी पडली की सवय मोडते. पुस्तकात याला "सोमवारचा ताप" असेच एक नाव आहे. व्यवस्थापनाने आधी गुळाचे खडे दिले. आम्ही म्हणालो, गूळ नको, धूर ओढणारा पंखा द्या. पंखा बसायला आठ महिने लागले. त्यानंतर मंगळवारचे खाडे थांबले. कापलेला पगार मात्र त्या सोबत्याला परत मिळाला नाही.

कोणी म्हणेल, मग जस्त वाईट. तसे नाही. आपल्या शरीरात दोन-तीन ग्रॅम जस्त असतेच, आणि ते कमी पडले तर वाढ खुंटते. डॉ. आनंद प्रसाद यांना १९५८ नंतर इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण रुग्ण आढळले. त्यांच्या आहारात जवळजवळ फक्त रोटीच होती. कारण जस्ताची उणीव, हे पुढच्या अभ्यासात दिसून आले. पंतनगरला डॉ. नेने यांनी १९६६ साली दाखवले की भाताचा खैरा रोगही जस्ताच्या उणिवेनेच होतो. जुलाब झालेल्या लहान मुलांना जीवनजलाबरोबर जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००४ पासूनची शिफारस आहे. तेव्हा पोटात हवे ते जस्त छातीत नको, एवढाच याचा अर्थ.

माझे मागणे लहान आहे. तुमच्या दारी पत्र्याची शेड किंवा फाटक करायला वेल्डर येईल. त्याला जिन्याखालच्या कोंदट जागेत बसवू नका. मोकळ्या हवेत बसवा, आणि सांध्यावरचा मुलामा आधी घासून काढायला वेळ द्या. त्याने अर्धा तास जादा लावला तर पैशांसाठी अडवू नका. आणि दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर दारूचे नाव घेण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, "रात्री थंडी वाजली होती का, दादा?"