सी, डी आणि तिसरी प्रत

भोर-वेल्ह्यात आषाढाचा पाऊस धरला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. संगणक डिस्कवर लिहीत असताना वीज गेली, तर फायलींची नोंदवहीच बिघडू शकते.

अनेकजण निर्धास्त असतात : "सातबारा, लग्नाचे फोटो, सगळं डी ड्राइव्हमध्येही ठेवलंय!" पण घरच्या अनेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज नव्याने फक्त सीवर टाकताना डीमधला मजकूर शाबूत राहतो, हे खरं. पण डिस्कच गेली तर दोन्ही जातात. तो बॅकअप नव्हे.

डिस्कचे असे विभाग पाडायचे तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' आहे. सी वाढवताना मात्र कुठल्याही विभागाला न दिलेली रिकामी जागा त्याला लागूनच उजवीकडे हवी. मध्ये रिकव्हरी विभाग आडवा आला की 'एक्स्टेंड' उमटतच नाही. आधी बॅकअप, मग ही काटछाट.

बॅकअपची जुनी रीत ३-२-१ : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पुण्यातल्या भावाकडे एक हार्ड डिस्क ठेवली तरी चालेल. घरातली डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावू शकतो.

आणि अख्ख्या सिस्टीमची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली असेल, तर ती परत चढवणारा पेनड्राइव्ह संगणक धड असतानाच बनवून, एकदा चालवून पाहा.