जनावरांचा आरोग्यदाखला

(काठी, जिल्हा नंदुरबार येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



गुरे विकावयास काढताना दाखल्याची आठवण सहसा होत नाही. गाडी नाक्यावर अडली म्हणजे होते. अक्कलकुवा तालुका गुजरातच्या सीमेला लागून असल्यामुळे हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. मग धावपळ सुरू होते आणि जनावर न पाहताच सही मिळावी, असा आग्रह धरला जातो. त्या आग्रहाविषयीच मला बोलावयाचे आहे.

ही सही कोणी करावी, हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ ने ठरविले आहे. तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच. गुरांच्या वाहतुकीसाठी १९७८ च्या नियमांनी दाखल्याचा नमुनाच घालून दिला. गाडी निघण्यापूर्वी बारा तासांच्या आत गुरे तपासली, ती प्रवासास योग्य आहेत, सांसर्गिक रोगाची लक्षणे नाहीत, असे त्यात लिहून द्यावयाचे असते. (मूळ नमुन्यात बुळकांडीच्या लसीचाही उल्लेख होता. तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.)

प्रत्येक जनावराची तपासणी निराळी. बैलाचे तोंड व खूर लाळ-खुरकुतासाठी पाहावे लागतात. शेळीत पीपीआरची चिन्हे शोधावयाची: नाका-डोळ्यांतील स्राव, तोंडातील व्रण, हगवण. घोड्याचे मात्र नुसत्या पाहण्यावर भागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग वरून धडधाकट दिसणाऱ्या घोड्यात दडून असू शकतो. तेथे रक्ततपासणीच हवी.

कोंबड्यांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने मोठा फटका सोसला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. परिसरातील परसातल्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. २०२१ मध्ये नवापुरावर पुन्हा तीच वेळ आली.

डॉक्टर प्रत्येक पाड्यावर रोज पोहोचू शकत नाहीत, हे खरे. म्हणूनच प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या अधिनियमाने पहिली खबर देण्याचे काम पशुमालकावर सोपविले. संशय येताच त्याने गावच्या अधिकाऱ्याला वा पंचायतीला कळवावे आणि तेथून ते पशुवैद्यकाकडे लेखी जावे, अशी ही व्यवस्था आहे. शेळ्या राखणारी मुलेच पुष्कळदा आजारी जनावर प्रथम पाहतात; शिक्षकांनी त्यांना अधूनमधून विचारीत जावे. आणि बाजाराला गाडी निघण्याच्या दिवशी सकाळी सर्व जनावरे एका जागी आणण्याची सोय पंचायतीने केली, तर डॉक्टरांना एकाच फेरीत ती तपासता येतील व बारा तासांची अटही पाळली जाईल.