मांजराच्या पापणीमागचे मज्जातंतू

मांजराच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याला बोटानं हलकेच स्पर्श केला, तर पापणी झटकन मिटते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवा ही खबर आत नेतो आणि सातवा पापणी मिटवतो. वरची पापणी उचलण्याचं काम तिसऱ्याकडे. इथवर सगळं आपल्यासारखंच.

पण मांजराला तिसरी पापणीही असते, आतल्या कोपऱ्यात दडलेला पांढुरका पडदा. धोका जाणवला की मुख्यतः सहाव्या मज्जातंतूच्या हुकमानं डोळा खोबणीत ओढला जातो आणि पडदा आपसूक पुढे सरकतो. एरवी त्याला मागे धरून ठेवते अनुकंपी चेतासंस्था. तिच्या तंतूंची वाट मोठी चमत्कारिक! मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत खाली, मग मानेतून पुन्हा वर, मधल्या कानातून डोळ्याकडे. या वाटेवर कुठंही इजा झाली, म्हणजे मानेला चावा बसला, वाहनाची धडक लागली किंवा कानात संसर्ग झाला, की त्या बाजूचा पडदा पुढे येतो, वरची पापणी झुकते, बाहुली बारीक होते. स्विस नेत्रतज्ज्ञ योहान हॉर्नर यांनी १८६९ मध्ये माणसातल्या अशाच लक्षणांचं वर्णन केलं. म्हणून हा ‘हॉर्नर सिंड्रोम’.

तेव्हा मांजराच्या एकाच डोळ्यावर पडदा दिसला, तर घरातले थेंब घालू नका. पशुवैद्यांकडे न्या आणि डोळ्याबरोबर कानही तपासून घ्या.