अक्षरापूर्वीची तयारी



१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ झाली. महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने व खडे हीच साधने ठरली.

ही केवळ काटकसर नव्हती. चिंचोके आणि खडे यांच्या वेगळ्या राशी लावणारे मूल वर्गीकरण शिकत असते. चिमटीत बी धरताना त्याच्या बोटांची लेखनासाठी तयारी होत असते. पालक मात्र विचारतात, “पाटीवर अक्षर कधी काढणार?” हा प्रश्न टाळू नये. ३ वर्षांच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेतल्याने पालकांचे समाधान होईल. परंतु मुलाच्या मनात शाळेची धास्ती बसण्याचा संभव असतो. त्यापेक्षा पालकांना अंगणात बोलवावे, त्या राशी दाखवाव्यात आणि मूल त्यातून काय शिकले ते समजावून द्यावे.

मूल काय करते हे निरखणे आणि त्याचा अर्थ इतरांना सांगता येणे, हीच बालशिक्षिकेची विद्या होय.